अकरा बादल्यांची पंधरा वर्षं : मुंबईतल्या हाउसिंग सोसायट्यांच्या कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
मुंबईतल्या सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

गणपती गेले. आता ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा उरकायची धावपळ तुमच्याकडे सुरू असेल. जिन्याखालच्या नोटीस बोर्डावर अजेंडा लागला असेल आणि त्यात कुठेतरी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय असेल. टॉप फ्लोअरच्या कुणीतरी सिलिंगच्या ओलीचे फोटो ग्रुपवर टाकले असतील, खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी 'हा खर्च सगळ्यांनी का करायचा' असं विचारलं असेल. दिवाळीनंतर तुम्ही कोटेशनं मागवाल, मार्च ते मे काम होईल. निर्णय व्हायच्या आत हे पत्र तुमच्या हाती पडावं, म्हणून आत्ता लिहितोय.

मी वॉटरप्रूफिंगचं काम करतो, सत्तावीस वर्षं झाली. भांडुपला राहतो. कामं बहुतेक मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यात, थोडी बोरिवली-दहिसरकडे. माझ्याकडे नऊ माणसं आहेत. वडील कोबा घालणाऱ्या टोळीत होते. विटांचे तुकडे बसवायचे, मधल्या फटींत पातळ माल ओतायचा, दोरी धरून ढाळ काढायचा, कडेला, गच्ची आणि भिंत जिथे मिळतात तिथे, गोल वाटा घ्यायचा आणि वर चायना मोझेक. हे सगळं मी त्यांच्या हाताखाली शिकलो. पुढे मेम्ब्रेन आलं, लिक्विड कोटिंग आलं, तेही शिकलो.

ज्यांच्या पंधरा वर्षांच्या गॅरंटीबद्दल लिहितोय ते धंद्यात माझे प्रतिस्पर्धी आहेत, हे आधीच सांगतो. गेल्या चार वर्षांत माझ्या हाताशी आलेली सहा कामं त्यांच्याकडे गेली. त्यामुळे माझा स्वार्थ यात आहेच, तो धरूनच पुढचं वाचा. त्यांचं नाव मात्र इथे लिहिणार नाही. ते नाव तक्रारीत लिहिलंय, जिथे त्यांना उत्तर द्यायची संधी आहे.

त्यांची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. स्टेशनबाहेरच्या फ्लेक्सवर, सोसायटीच्या लेटरबॉक्समधल्या पत्रकावर, व्हॉट्सॲपवर. मोठ्या लाल अक्षरांत 'गच्ची गळती कायमची बंद! १५ वर्षांची लेखी गॅरंटी'. पंधराच्या डोक्यावर एक छोटा तारा. पत्रकाच्या तळाशी, भिंग घेऊन वाचाव्या अशा अक्षरांत, इंग्रजीत दोन ओळी. जाहिरात मराठीत, अटी इंग्रजीत.

मुलुंडच्या एका सोसायटीत तीन वर्षांपूर्वी माझं कोटेशन गेलं होतं. तीन पार्ट्या होत्या. तुलनेचा तक्ता खजिनदारांनी नीट तयार केला होता : दर, एकूण रक्कम, जीएसटी आणि शेवटच्या रकान्यात 'गॅरंटी वर्षं'. त्या रकान्यात एकाचे सात, त्यांचे पंधरा, माझे पाच. सचिव भले गृहस्थ. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, तुम्हीही पंधरा लिहून टाका ना. मी कमिटीत पास करून घेतो. पुढचं पुढे." मी म्हटलं, "साहेब, पाच वर्षं मी येईन, स्वतः येईन. पंधरा वर्षांनी मी कुठे असेन, हे मटेरियल बाजारात असेल का, मला माहीत नाही." ते हसले नाहीत, पण काम गेलं. दर त्यांचा माझ्यापेक्षा जास्तच होता. पैसे वाचवण्यासाठी नव्हे, वर्षांचा आकडा बघून काम गेलं, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्याच पावसाळ्यात त्याच सचिवांचा फोन आला. पाचव्या मजल्यावर दोन फ्लॅटमध्ये पाणी. एका घरात आजी अंथरुणाला खिळलेल्या, त्यांच्या पलंगाच्या डोक्याशी सिलिंगचे पोपडे सुटलेले. पलंग सरकवून खोलीच्या मध्यात आणला होता आणि रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात पातेलं ठेवलं होतं.

पाऊस उघडल्यावर मी गच्चीवर गेलो. वरून कोटिंग चांगलं पांढरंशुभ्र दिसत होतं. पाण्याच्या टाकीच्या पायाशी नख लावलं तर कांद्याच्या सालीसारखं वर आलं. तळहाताएवढा तुकडा कापला आणि वर्नियरमध्ये, म्हणजे जाडी मोजायच्या मापात, धरला. कोटेशनमध्ये लिहिलं होतं, वाळल्यावरची जाडी एक मिलिमीटर. एका ठिकाणी ०.३ भरली, दुसऱ्या ठिकाणी ०.४. दहा ठिकाणी मोजलं. अर्धा मिलिमीटर कुठेच नाही.

खाली आलो तर वॉचमनच्या केबिनमागे रांगेत बादल्या, त्याच मालाच्या, वीस लिटरवाल्या. कुणात तुळस, कुणात कोरफड, एकीत कढीपत्ता. मोजल्या. अकरा. त्याला विचारलं, "बाकीच्या भंगारात दिल्या का?" तो म्हणाला, "नाही ओ, एवढ्याच होत्या. सगळ्या मीच मागून घेतल्या." मग गेटचं इनवर्ड रजिस्टर काढायला लावलं. त्या एप्रिल महिन्यात मालाची एकच एन्ट्री : अकरा बकेट.

हिशेब तुम्हीही करू शकता, सातवीचं गणित आहे. गच्ची चार हजार चौरस फूट, म्हणजे साधारण ३७० चौरस मीटर. त्या मालाच्या तांत्रिक पत्रकावर लिहिलंय की त्यात घन भाग आकारमानाने ६० टक्के, बाकीचं उडून जातं. एका चौरस मीटरवर एक लिटर माल पसरला तर ओला थर एक मिलिमीटरचा होतो आणि वाळल्यावर ०.६ उरतो. म्हणजे एक मिलिमीटर वाळलेली जाडी हवी तर चौरस मीटरला १.६७ लिटर माल लागतो. पूर्ण गच्चीला सहाशे लिटरच्या वर, एकतीस बादल्या. पॅरापेटवर, म्हणजे गच्चीच्या कठड्यावर, चढवायचा थर आणि वाया जाणारा माल त्याहून वेगळा. आल्या अकरा. तेवढ्या मालातून ०.३६ मिलिमीटर निघतात आणि माझा वर्नियर तेच सांगत होता. सोसायटीने एकतीस बादल्यांचे पैसे मोजले होते.

सचिवांनी कपाटातून गॅरंटी कार्ड काढलं. सोनेरी कडा, गोल शिक्का, वर मटेरियल बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा लोगो. मागच्या बाजूला राखाडी अक्षरांत इंग्रजीत अटी. आम्ही दोघांनी टेबलाशी बसून त्या एकेक करून मराठीत आणल्या. गॅरंटी फक्त मटेरियलची. मजुरी, जुना थर खरवडणं, डेब्रिज उचलणं हे सगळं सोसायटीचं. मटेरियलची भरपाई दर वर्षी कमी होत जाणार. दर वर्षी त्यांच्याकडूनच पैसे भरून मेंटेनन्स करून घेतला नाही तर गॅरंटी रद्द. स्लॅबला तडा गेला तर रद्द. आणि शेवटून दुसरी अट : पाणी साचल्यामुळे झालेल्या नुकसानीला गॅरंटी लागू नाही.

ती ओळ मी दोनदा वाचली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या शहरातल्या गच्चीची ही गॅरंटी आणि त्यात साचलेलं पाणी वगळलेलं. गच्चीवर पाणी साचणार नाही असा ढाळ काढणं हे वॉटरप्रूफिंगचंच काम आहे. ते ज्याने केलं नाही, त्यानेच ते न केल्याची सूट स्वतःला लिहून घेतली होती.

लोगोवाल्या कंपनीच्या माणसाला मी विचारलं. तो म्हणाला, आमची वॉरंटी आम्ही नोंदवलेल्या ॲप्लिकेटरने, म्हणजे माल लावणाऱ्या कंत्राटदाराने, काम केलं आणि आमच्या माणसाने साइट तपासली तरच मिळते, या गच्चीची नोंद आमच्याकडे नाही. मग कागद शेजारी शेजारी ठेवले. कोटेशन एका फर्मच्या नावाने, बिल दुसऱ्या, गॅरंटी कार्ड तिसऱ्या. तिसरीचा जीएसटी नंबरच नव्हता. दुसरीचा नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी काम सुरू व्हायच्या पाच महिने आधीची निघाली. पत्रकावर मात्र '२५ वर्षांचा अनुभव'. नोंदणीची तारीख हा अनुभवाचा पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. जुना माणूस नवी फर्म काढू शकतो. पण पाच महिन्यांची फर्म पंधरा वर्षांचं वचन देते, तेव्हा ते वचन पाळायला कोण उरणार हा प्रश्न कमिटीने विचारायलाच हवा.

कायदा काय म्हणतो ते मी वकिलाकडे बसून समजून घेतलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा सांगितल्यात. वस्तू किती टिकेल, कसं काम करेल याची गॅरंटी पुरेशा आणि योग्य चाचणीशिवाय लोकांना देणं, हीच त्यातली एक. आणि चाचणी केली होती असा बचाव कुणी घेतला तर ती सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. तुमच्यावर नाही, माझ्यावरही नाही. जी गॅरंटी पाळली जाण्याची वाजवी शक्यताच नाही, ती देणंही त्याच कलमात बसतं. जाहिरात म्हणजे फक्त टीव्ही आणि पेपर असंही नाही. नोटीस, परिपत्रक, लेबल, वेष्टन, अगदी बिलसुद्धा कायद्याच्या व्याख्येत जाहिरात आहे. तुमच्या फाइलमधला प्रत्येक कागद त्यात येऊ शकतो.

पत्रकावरच्या त्या ताऱ्याचाही विचार झालेला आहे. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत खुलासा हवा. दाव्याचा जो फॉन्ट, तोच खुलाशाचा. खुलाशाने मूळ दावा खोडून काढायचा नाही, महत्त्वाची माहिती लपवायची नाही. मराठीत पंधरा वर्षं आणि इंग्रजीत 'पाणी सोडून', हे यात कुठेच बसत नाही. प्राधिकरण अशी जाहिरात थांबवायला किंवा बदलायला लावू शकतं. आणि ग्राहकांच्या हिताला बाधा येईल अशी खोटी जाहिरात करणाऱ्या सेवा पुरवठादाराला कलम ८९ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र त्या गुन्ह्याची दखल न्यायालय प्राधिकरणाच्या तक्रारीवरूनच घेतं.

मग तुम्ही म्हणाल, एवढा कायदा आहे तर तुम्हीच जा की.

मी गेलोय. प्राधिकरणाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार पाठवायची सोय कलम १७ मध्ये आहे, तिथे पाठवली. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ही जाहिरात क्षेत्राची स्वतःची संस्था, १९८५ पासून मुंबईतच आहे, तिथेही जाणार आहे. पण ग्राहक आयोगात मला उभं राहता येत नाही, कारण मी ग्राहक नाही. जुन्या एमआरटीपी म्हणजे मक्तेदारीविरोधी कायद्यात व्यापाऱ्यालाही नुकसानभरपाई मागायची सोय होती, तो कायदा २००९ मध्ये गेला. आणि जिथे जाता येतं तिथेही माझ्या कागदाचं वजन किती? समोरचा एकच वाक्य बोलतो, 'साहेब, याची कामं आमच्याकडे आली, म्हणून पोटात दुखतंय.' माझ्याजवळ त्यांचं पत्रक आहे. गॅरंटी कार्ड, बिल, पेमेंटच्या नोंदी, गेटचं रजिस्टर हे सगळं तुमच्या कपाटात आहे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत सहकारी संस्थाही 'व्यक्ती' आहे. तुम्ही पैसे मोजून सेवा घेतलीत, तुम्ही ग्राहक आहात. ५० लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर जिल्हा आयोगातच दाद मागता येते.

त्याला मुदत मात्र दोनच वर्षांची आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून. हे मी कळकळीने सांगतोय, कारण कमिट्या इथेच हरतात. पहिल्या पावसात ओल येते, ते म्हणतात, 'दिवाळीनंतर टचअप करून देतो.' एक माणूस रोलर घेऊन येतो, पांढरं करून जातो. दुसऱ्या पावसात पुन्हा गळतं, तोवर कमिटी बदललेली असते. नवे सचिव म्हणतात, 'ते आमच्या वेळचं नाही.' तिसऱ्या वर्षी फोन लागत नाही. फोनवर बोलू नका. पहिल्या ओलीलाच तारीख घालून, फोटो जोडून, सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र पाठवा आणि पोच ठेवा. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

यंदाच्या पत्रकात त्यांनी आणखी एक गोष्ट केली. फोडलेल्या ब्रिकबॅट कोब्याचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'लोकल कंत्राटदाराचं काम, एक पावसाळ्याचा खेळ'. आपला माल उत्तम आहे असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. मुंबईच्या यलो पेजेसवरून झालेल्या टाटा प्रेस विरुद्ध एमटीएनएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये जाहिरातीलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण दिलं, पण फसव्या जाहिरातीला नाही. आणि खोट्या गोष्टी सांगून दुसऱ्याच्या मालाची, धंद्याची बदनामी करणं त्याच २(४७) मध्ये येतं. माझ्या वडिलांनी घातलेले कोबे मुलुंड-भांडुपच्या जुन्या इमारतींवर अजून उभे आहेत. ते पत्रक हातात आलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

माझं काम कधीच गळलं नाही असं मी म्हणणार नाही. २०१६ मध्ये विक्रोळीला एक गच्ची केली, तिसऱ्या पावसात पॅरापेटच्या कडेने ओल उतरली. वाट्यात चूक होती, माझ्याच माणसांची. साठ रनिंग फूट वाटा फोडला, चार दिवस लागले, पुन्हा केला, बहात्तर तास पाणी भरून दाखवलं. त्या कामात कमावलेलं सगळं त्यात गेलं. गॅरंटी दिली की ती खिशाला किती जड पडते हे तेव्हा कळलं आणि म्हणूनच पाचाचे पंधरा करायला माझा हात धजत नाही.

येत्या हंगामासाठी माझी विनंती एवढीच की तुलनेच्या तक्त्यातला तो 'गॅरंटी वर्षं' रकाना खोडा. त्याऐवजी प्रत्येकाला लिहून द्यायला सांगा की गच्चीवर माल किती लिटर किंवा किती किलो चढणार. गेटवर बादल्या मोजून रजिस्टरला सही घ्या, रिकाम्या बादल्या काम संपेपर्यंत बाहेर जाऊ देऊ नका. गॅरंटीचा मसुदा वर्क ऑर्डरच्या आधी, मराठीत, सगळ्या अटींसकट मागा आणि कोटेशन, बिल, गॅरंटी या तिन्हींवर एकच जीएसटी नंबर आहे का ते बघा. त्या नंबरात सुरुवातीचे दोन आकडे राज्याचे, आपले २७, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची असतात. साचलेलं पाणी वगळलं असेल तर तिथेच थांबा. शेवटचं बिल द्यायच्या आधी तीन दिवस पाणी भरून खालची सिलिंग बघा. आणि निदान पाच टक्के रक्कम दोन पावसाळे हातात ठेवा. ही अट ऐकून जो पाठ फिरवेल, तो गळतीच्या दिवशीही फिरवणारच. माझ्या बिलातूनही ही रक्कम कापा, माझी हरकत नाही.

मुलुंडच्या त्या सोसायटीने कमिटीत ठराव करून सगळ्या कागदांच्या प्रती दिल्या. गेल्या सोमवारी त्या उपनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि प्राधिकरणाकडे गेल्या, सोबत बादल्यांचा फोटो आणि गेट रजिस्टरचं पान. पण ती एकच गच्ची आहे. उत्तरात ते 'एखाद्या साइटवर चूक झाली' असं म्हणतील आणि बाकीच्या साइटचे कागद पुढे आले नाहीत तर ते खरं धरलं जाईल. तुमच्या कपाटात सोनेरी कडेचं तसं कार्ड असेल तर त्याची मागची बाजू एकदा वाचा. दोन ओळींचा ठराव करा आणि तुमची तक्रार तुमच्या नावाने पाठवा.

ऑक्टोबरच्या उन्हात गच्च्या वाळतील. ज्यांना आपल्या गच्चीवरचा थर मोजून हवा असेल त्यांच्याकडे मी रविवारी वर्नियर घेऊन येईन. हे पत्र ज्यांच्याकडून तुमच्यापर्यंत पोचलं त्यांच्याकडे माझा नंबर आहे. मोजायचे पैसे घेणार नाही. आणि जी गच्ची मी मोजेन, तिच्या दुरुस्तीचं कोटेशन माझ्याकडून मागू नका. ते काम दुसऱ्या कुणाला द्या.

आपला,
एक वॉटरप्रूफिंग कंत्राटदार
भांडुप (पश्चिम), मुंबई